वाचकांचे प्रश्न : स्तनपानाचे प्रमाण प्रदेशागणिक का बदलते?

ऑगस्टचा पहिला आठवडा १९९२ पासून जागतिक स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने छापून येणाऱ्या आकडेवारीविषयी यंदा बरीच पत्रे आली आहेत. काही वाचकांना आकड्यांचा मेळ लागत नाही, तर काहींनी ते आकडे स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहिले आणि त्यांना वाईट वाटले. नवजात बाळांच्या विभागात अनेक वर्षे काम केल्यामुळे ही दुसऱ्या प्रकारची पत्रे मला अधिक महत्त्वाची वाटतात, परंतु त्यांना उत्तर देण्यासाठी आधी आकडे नीट समजून घेणे आवश्यक आहे. म्हणून पाच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : मी परिचारिका अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी आहे. एका तक्त्यात निव्वळ स्तनपानाचे प्रमाण भारतात ६४ टक्के, अमेरिकेत २५ टक्के आणि ब्रिटनमध्ये अवघा १ टक्का दिले होते. ब्रिटनमधल्या शंभरांपैकी नव्याण्णव माता बाळाला अंगावर पाजतच नाहीत, असा याचा अर्थ घ्यायचा का?

उत्तर : नाही, तसा अर्थ मुळीच घेऊ नका. तुम्ही वाचलेले तिन्ही आकडे खरे आहेत, पण ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत आणि एका तक्त्यात शेजारीशेजारी मांडल्यामुळे ती एकाच प्रश्नाची वाटतात. निव्वळ स्तनपान म्हणजे बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही, अगदी पाणीसुद्धा न देणे. डॉक्टरांनी सांगितलेले औषधाचे किंवा जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे त्यात चालतात. फरक पडतो तो कोणत्या वयाच्या बाळांविषयी आणि किती काळाविषयी विचारले यामुळे. भारताच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला ६३.७ टक्के हा आकडा सहा महिन्यांच्या आतल्या सर्व बाळांचा आहे, आणि त्यांना आदल्या चोवीस तासांत काय दिले एवढेच त्यासाठी विचारलेले असते. त्यात आठ दिवसांचे बाळही येते आणि साडेपाच महिन्यांचेही. अमेरिकेत २०१९ साली जन्मलेल्या बाळांसाठीचा २४.९ टक्के हा आकडा मात्र पहिले सहा महिने पूर्ण होईपर्यंत वरचे काहीही न दिलेल्या बाळांचा आहे. ब्रिटनचा १ टक्का २०१० च्या सर्वेक्षणातला असून तोही सहा महिन्यांच्या टप्प्यावरच मोजलेला आहे.

एक काल्पनिक उदाहरण घ्या. एखाद्या प्रदेशातल्या सगळ्या माता पहिले तीन महिने बाळाला फक्त अंगावर पाजतात आणि चौथ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सगळ्याच जणी वरचे दूध सुरू करतात, असे समजा. पहिल्या पद्धतीने मोजल्यास त्या प्रदेशाचे प्रमाण सुमारे ५० टक्के येईल आणि दुसऱ्या पद्धतीने शून्य. माता त्याच, बाळेही तीच, तरी दोन बातम्यांचे मथळे परस्परविरुद्ध होतील.

ब्रिटनच्या त्याच सर्वेक्षणात ८१ टक्के मातांनी स्तनपानाला सुरुवात केल्याचे आढळले होते, आणि सहा महिन्यांच्या वेळी ३४ टक्के बाळांना थोडेफार तरी आईचे दूध मिळत होते. म्हणजे तिथला खरा प्रश्न सुरुवात न करण्याचा नसून सुरुवात केल्यावर टिकवून न ठेवता येण्याचा आहे. शिवाय हे प्रमाण देशभर सारखे नव्हते : सुरुवात करणाऱ्या माता इंग्लंडमध्ये ८३ टक्के, स्कॉटलंडमध्ये ७४, वेल्समध्ये ७१ आणि उत्तर आयर्लंडमध्ये ६४ टक्के होत्या. हे सर्वेक्षण १९७५ पासून दर पाच वर्षांनी होत असे. २०१० नंतर ते बंद करण्यात आले, याचे मला आजही वाईट वाटते, कारण एकाच पद्धतीने पस्तीस वर्षे मोजलेली अशी मालिका फार थोड्या देशांकडे होती. तुमच्या अभ्यासासाठी सूचना एवढीच की, कोणताही आकडा वहीत उतरवताना बाळाचे वय, विचारलेला कालावधी आणि वर्ष या तीन गोष्टी त्याच ओळीत लिहून ठेवा.

प्रश्न : पूर्वी सगळ्याच माता अंगावर पाजत असत आणि आता हे प्रमाण सगळीकडे घसरत चालले आहे, असे आमच्या वाचनमंडळात एकमताने ठरले. हे बरोबर आहे का?

उत्तर : पहिल्या भागात बरेच तथ्य आहे, दुसऱ्या भागात नाही. जगभरात सहा महिन्यांच्या आतल्या बाळांमधले निव्वळ स्तनपानाचे प्रमाण २०१२ च्या सुमारास ३८ टक्के होते आणि २०२३ पर्यंत ते ४८ टक्क्यांवर पोहोचले. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य सभेने २०२५ साठी ठेवलेले उद्दिष्ट किमान ५० टक्के होते. एका दशकात दहा टक्के-बिंदूंची वाढ ही लहान गोष्ट नाही, आणि ती बव्हंशी गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांनी घडवून आणलेली आहे. दक्षिण आशियात आज हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास आहे, तर आफ्रिकेच्या पश्चिम व मध्य भागात ते त्या खंडाच्या पूर्व व दक्षिण भागापेक्षा बरेच कमी आहे.

परंतु प्रादेशिक सरासरीपेक्षा एकेका देशाची वाटचाल अधिक शिकवून जाते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. ब्राझीलमध्ये १९८६ साली निव्वळ स्तनपानाचे प्रमाण चार टक्क्यांहूनही कमी होते. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत ते ४५.८ टक्के आढळले. तिथे १९८८ मध्ये बाळदुधाच्या जाहिरातींवर निर्बंध आले, रुग्णालयांच्या पद्धती बदलल्या, आणि मातृदुग्धपेढ्यांचे दोनशेहून अधिक केंद्रांचे जाळे उभे राहिले. या पेढ्या दान केलेले दूध तर गोळा करतातच, पण दूध पाजताना अडचणीत आलेल्या आईला तिथे हक्काने मदतही मिळते. यांपैकी कोणताही एकच उपाय केला असता तर एवढा बदल घडला असता, असे मला वाटत नाही.

व्हिएतनाममध्ये २०१० च्या सुमारास प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होते. २०१३ पासून तिथे बाळंतपणाची रजा चार महिन्यांवरून सहा महिन्यांवर गेली आणि दोन वर्षांखालच्या बाळांसाठीच्या कृत्रिम दुधाच्या जाहिरातींवर बंदी आली. २०२०-२१ मध्ये प्रमाण ४५ टक्क्यांवर पोहोचलेले दिसले. कंबोडियाची गोष्ट याहून वेगळी आणि मला सर्वांत बोलकी वाटते. तिथे २००० साली ११ टक्के, २००५ मध्ये ६० टक्के आणि २०१० मध्ये ७४ टक्के, अशी थक्क करणारी झेप होती. त्यानंतर मात्र २०१४ मध्ये ६५ टक्के आणि २०२१-२२ मध्ये ५१ टक्के अशी घसरण झाली. रेडिओ व दूरचित्रवाणीवरून केलेल्या प्रचाराने आणि नव्या नियमांनी जे कमावले होते, त्यातला मोठा वाटा शहरांत कामाला जाणाऱ्या तरुण मातांची संख्या वाढली तेव्हा आणि दुकानांत कृत्रिम दुधाचे डबे सर्वत्र दिसू लागले तेव्हा टिकला नाही. चीनमध्येही २००८ च्या पाहणीत सुमारे २८ टक्के असलेले प्रमाण २०१३ मध्ये २१ टक्क्यांपर्यंत खाली आले होते.

दक्षिण आफ्रिकेचा उल्लेख टाळता येणार नाही. एचआयव्हीचा संसर्ग दुधातून बाळाला होऊ नये म्हणून तिथल्या सरकारी दवाखान्यांतून कृत्रिम दूध मोफत दिले जात असे. हेतू बाळाच्या रक्षणाचाच होता. पण ज्यांना संसर्ग नव्हता अशा मातांपर्यंतही 'डब्यातले दूध अधिक सुरक्षित' हाच संदेश पोहोचला, आणि २००३ मध्ये तिथे निव्वळ स्तनपान फक्त ८ टक्के होते. विषाणूविरोधी औषधे घेणाऱ्या आईने बाळाला पाजले तर संसर्गाचा धोका फारच कमी राहतो, हे स्पष्ट झाल्यावर २०११ मध्ये मोफत वाटप थांबवण्याचा निर्णय झाला, आणि २०१६ च्या पाहणीत प्रमाण ३२ टक्के आढळले.

या सगळ्या देशांत प्रमाण वर गेले किंवा खाली आले तेव्हा तिथल्या मातांच्या शरीरात काही बदल झाला नव्हता. त्यांच्या भोवतालची रजा, जाहिरात, दवाखाना आणि सल्ला बदलला होता. प्रादेशिक आकडे वाचताना मी आधी हेच शोधतो.

प्रश्न : शिकलेल्या आणि सुखवस्तू घरांतल्या माता कमी काळ पाजतात, असे ऐकले. शिक्षणाने असे का व्हावे?

उत्तर : हे एका प्रकारच्या देशांत खरे आहे आणि दुसऱ्या प्रकारच्या देशांत याच्या अगदी उलट आहे. २०१६ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या मालिकेत, ब्राझीलमधले साथरोगतज्ज्ञ सेझार व्हिक्टोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या पाहण्या एकत्र करून हे दाखवले. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत अधिक गरीब माता अधिक काळ पाजतात. श्रीमंत देशांत मात्र अधिक शिकलेल्या आणि अधिक उत्पन्न असलेल्या माता अधिक पाजतात. श्रीमंत देशांत एक वर्ष पूर्ण होईपर्यंत आईचे दूध मिळणारी बाळे पाचांत एकाहूनही कमी आहेत, हेही त्याच मालिकेत नोंदवलेले आहे.

शिक्षण हे याचे कारण नसावे, असे माझे मत आहे. कृत्रिम दूध जेव्हा एखाद्या समाजात नव्याने येते, तेव्हा ते आधी परवडणाऱ्यांच्या घरात जाते आणि प्रगतीची खूण म्हणून मिरवते. पुढे त्याचे तोटे कळतात, तेव्हा ती माहिती, रजा आणि मदत हीसुद्धा आधी परवडणाऱ्यांनाच मिळतात, आणि डबा कमी उत्पन्नाच्या घरांत मागे राहतो. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णालयातून घरी जाताना बाळाला पाजणाऱ्या माता जेमतेम चौघींमध्ये एक होत्या. तिथून परत फिरण्यात पुढाकार शिकलेल्या मातांचा होता. २०१९ पर्यंत तिथे सुरुवात करणाऱ्या माता ८३ टक्क्यांच्या घरात पोहोचल्या असल्या तरी आग्नेयेकडच्या राज्यांत हे प्रमाण पश्चिम किनाऱ्यापेक्षा स्पष्टपणे कमी आहे. त्या देशात सर्व मातांना लागू होणारी पगारी बाळंतपणाची रजा केंद्रीय कायद्यात नाही, ही बाब इथे विसरता येत नाही. नॉर्वेत पालकांना मिळून पूर्ण वेतनाची ४९ आठवडे रजा मिळते, आणि तिथे सहा महिन्यांच्या वेळी दहांपैकी सात-आठ बाळांना आईचे दूध मिळत असते. रजा हे एकमेव कारण नाही, पण ज्या आईला सहाव्या आठवड्यात कामावर हजर व्हायचे आहे, तिला सहा महिन्यांचा सल्ला देणारा डॉक्टर तिच्याकडून काय मागतो आहे याचा त्याने विचार केला पाहिजे.

प्रश्न : आता बहुतेक बाळंतपणे रुग्णालयांत होतात. मग जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू होण्याचे प्रमाण आपोआप वाढायला हवे होते. तसे झाले आहे का?

उत्तर : दुर्दैवाने नाही. भारताच्या सर्वेक्षणांत २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात रुग्णालयातील बाळंतपणे ७८.९ टक्क्यांवरून ८८.६ टक्क्यांवर गेली, पण पहिल्या तासात पाजल्या गेलेल्या बाळांचे प्रमाण ४१.६ वरून ४१.८ इतकेच झाले. त्याच काळात सिझेरियनचे प्रमाण १७.२ वरून २१.५ टक्के झाले. जगाचे चित्रही असेच आहे. २०१८ च्या युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार पाचांपैकी तीन बाळांना पहिल्या तासात आईचे दूध मिळत नव्हते. आफ्रिकेच्या पूर्व व दक्षिण भागात ६५ टक्के बाळांना ते मिळत होते, तर पूर्व आशिया व प्रशांत भागात फक्त ३२ टक्क्यांना.

रुग्णालय म्हणजे इमारत नव्हे, तिथल्या सवयी, हे मी माझ्याच विभागात शिकलो. बाळ जन्मले की त्याला पुसायचे, वजन करायचे, गुंडाळायचे आणि आई खोलीत येईपर्यंत दुसरीकडे ठेवायचे, हा क्रम कोणी वाईट हेतूने ठरवलेला नव्हता, पण त्यात बाळ सर्वांत जागे आणि चोखायला उत्सुक असण्याचा वेळ निघून जात असे. बाळ निरोगी असेल तर पुसून लगेच आईच्या छातीवर उघड्या अंगाने ठेवावे, वजन नंतर करावे. कमरेत भूल दिलेल्या सिझेरियननंतरही हे बहुधा शक्य असते.

सवयी बदलल्या तर किती फरक पडतो, याचा सर्वांत भक्कम पुरावा बेलारूसमधून आला. तिथे १९९६-९७ मध्ये कॅनडातले बालरोगतज्ज्ञ मायकेल क्रेमर यांच्या नेतृत्वाखाली ३१ प्रसूतिगृहे आणि त्यांना जोडलेले दवाखाने चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले गेले, आणि एका गटातल्या कर्मचाऱ्यांना रुग्णालयांनी स्तनपानाला मदत करावी यासाठी १९९१ मध्ये सुरू झालेल्या शिशुस्नेही रुग्णालय उपक्रमाच्या धर्तीवर प्रशिक्षण दिले गेले. सतरा हजारांहून अधिक माता व बाळे त्यात होती. तिसऱ्या महिन्यात निव्वळ स्तनपान प्रशिक्षित गटात ४३.३ टक्के आणि दुसऱ्या गटात ६.४ टक्के होते. पोटाच्या संसर्गाचे प्रमाणही पहिल्या वर्षात पहिल्या गटात कमी राहिले. देश तोच, माता त्याच समाजातल्या, आणि तरीही सात पटींच्या जवळपास फरक पडला.

प्रश्न : माझे बाळ पाच आठवड्यांचे आहे. माझे दूध पुरत नाही असे वाटल्याने तिसऱ्या आठवड्यापासून मी दिवसातून तीन वेळा पावडरचे दूध देते. आमच्या भागात स्तनपानाचे प्रमाण कमी असल्याची बातमी वाचली आणि तो दोष माझ्यासारख्यांचाच आहे असे वाटून रडू आले. आता काही करता येईल का?

उत्तर : दोष तुमचा नाही, हे मी केवळ धीर देण्यासाठी लिहीत नाही. वरची उत्तरे वाचलीत तर कोणत्याही प्रदेशाचा आकडा कशाकशाने घडतो हे तुमच्या लक्षात येईल. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी आठ देशांत केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चीनच्या शहरांतल्या ९७ टक्के, व्हिएतनाममधल्या ९२ टक्के आणि ब्रिटनमधल्या ८४ टक्के मातांपर्यंत कृत्रिम दुधाचा प्रचार पोहोचलेला आढळला. १९८१ मध्ये अशा प्रचारावर मर्यादा घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर झाली असूनही ही स्थिती आहे. बाळ रडते, झोपत नाही, वारंवार मागते, या नेहमीच्या गोष्टी दूध कमी असल्याच्या खुणा म्हणून त्या प्रचारातून दाखवल्या जातात. तुम्हाला जी शंका आली, ती जगातल्या असंख्य मातांना येते, आणि वरचे दूध सुरू होण्याचे ते एक प्रमुख कारण आहे.

आता प्रत्यक्षात काय करायचे ते सांगतो. तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळे एकाएकी अधिक वेळा, विशेषतः संध्याकाळी, मागू लागतात. स्तन पूर्वीसारखे भरलेले वाटत नाहीत, कारण दूध गरजेनुसार तयार होऊ लागलेले असते. दूध पुरते आहे की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लंगोट चांगले ओले होत असतील आणि बाळाचे वजन आठवड्याला साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅमने वाढत असेल, तर त्याला पुरेसे मिळते आहे. मात्र आता ते वरचे दूधही घेत असल्यामुळे केवळ या खुणांवरून तुमचे दूध किती आहे ते कळणार नाही. म्हणून पावडरचे दूध एकदम बंद करू नका.

दूध चोखण्याने तयार होते. बाळ जितके वेळा आणि जितके नीट चोखेल तितके ते वाढते, आणि बाटलीची प्रत्येक वेळ म्हणजे चोखण्याची एक वेळ कमी होणे. यासाठी दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा अंगावर घ्या, रात्रीची वेळ चुकवू नका, आणि प्रत्येक वेळी आधी अंगावर पाजून मगच वरचे द्या, शक्य असेल तर बाटलीऐवजी वाटी-चमच्याने. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला असावा. पाजताना दुखत राहिले तर पकड चुकते आहे असे समजून स्तनपानाचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेला किंवा डॉक्टरांना एकदा समोर पाजून दाखवा. फोनवरून मिळणाऱ्या दहा सल्ल्यांपेक्षा ही एक भेट उपयोगी पडते. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी वरच्या दुधाचे प्रमाण थोडे थोडे कमी करत, आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर वजन पाहत पुढे जा. पाच आठवड्यांच्या बाळाच्या बाबतीत पूर्णपणे अंगावरच्या दुधावर परत येणे अनेकदा जमते.

थायरॉइडचा विकार, आधी झालेली स्तनाची शस्त्रक्रिया किंवा स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथींची अपुरी वाढ अशा कारणांनी काही मातांना खरोखर कमी दूध येते. तुमच्या बाबतीत तसे आढळले तर जेवढे दूध येते तेवढे पाजत राहा आणि उरलेले वरचे द्या. थोडे आईचे दूधही बाळाच्या उपयोगाचे असते. बाळ सुस्त पडले, चोखेनासे झाले, सहा-आठ तास लंगोट कोरडे राहिले किंवा ताप आला, तर आठवड्याच्या वजनाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि रडू येणे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर त्याच भेटीत स्वतःविषयीही डॉक्टरांशी बोला. बाळंतपणानंतरचे नैराश्य उपचारांनी बरे होते, आणि त्यावरची अनेक औषधे बाळाला पाजत असतानाही घेता येतात.